वाईट दिवसाचं वेळापत्रक : पूर्णवेळ लेखन सुरू करणाऱ्यांसाठी

नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी सकाळी आठला टेबलाशी बसले आणि रात्री आठला उठले. त्या १२ तासांत २५० शब्द झाले. त्यातले २०० मी मंगळवारी खोडले. उरलेल्या वेळात टेबल दोनदा पुसलं, फॉन्ट बदलून पाहिला, एका शब्दाची व्युत्पत्ती शोधायला गेले आणि भलत्याच सात शब्दांच्या व्युत्पत्त्या वाचून आले. शुक्रवारपर्यंत माझी खात्री पटली होती की आपण काही लेखिका नाही. खरी अडचण फारच साधी होती. इतकी वर्षं माझा दिवस दुसरं कोणीतरी आखून देत होतं, त्यामुळे तो आखायचा कसा, हे शिकायची वेळच माझ्यावर आली नव्हती.

कादंबरी असो, अनुवाद असो, सदर असो, पटकथा असो किंवा दुसऱ्याच्या नावावर छापून येणारं आत्मचरित्र असो, पूर्णवेळ लिहिणाऱ्याला कालचा दिवस कुठे गेला असं विचारणारं कोणी नसतं. नवखा माणूस यावर उपाय म्हणून एक देखणं वेळापत्रक करतो : पहाटे उठणं, सहा ते बारा लेखन, दुपारी वाचन, संध्याकाळी फेरफटका. चांगल्या दिवशी ते छान चालतं. पण चांगल्या दिवशी वेळापत्रक लागतंच कुणाला? रात्री झोप झालेली नाही, घरात कोणी आजारी आहे, काल संपादकाने मजकूर साभार परत पाठवलाय, अशा दिवशी जे मोडत नाही तेच कामाचं. खाली जे सांगतेय ते अशा दिवसांच्या हिशेबाने. पायऱ्या क्रमानेच घ्या. पहिली कंटाळवाणी आहे, म्हणून ती गाळू नका.

पहिले दोन आठवडे : आखू नका, नुसतं टिपा

एक साधी वही घ्या. रोज चार गोष्टी लिहा : कितीला बसलो, कितीला उठलो, किती शब्द झाले, आणि दुसऱ्या दिवशी वाचून त्यातले किती ठेवले. चौथा रकाना लोक हमखास विसरतात, आणि खरी माहिती त्यातच असते. मी स्वतःला रात्रीची लेखिका समजत होते, कारण नोकरीच्या काळात रात्रच हाताशी असायची. वही सांगत होती की रात्री दहानंतर लिहिलेल्यातलं निम्मंअधिक मी सकाळी उडवतेय, आणि साडेसात ते नऊ या वेळेत लिहिलेलं जवळजवळ सगळं टिकतंय. हे मला मनाशी विचार करून कधीच कळलं नसतं.

लेखकाने पहाटेच उठावं, हा उपदेश तुमच्या कानावर पडेलच. हारुकी मुराकामी कादंबरी लिहीत असतात तेव्हा पहाटे चारला उठतात, पाच-सहा तास लिहितात, मग दहा किलोमीटर पळतात किंवा १५०० मीटर पोहतात आणि रात्री नऊला झोपतात. काफ्काची गोष्ट नेमकी उलटी. विमा संस्थेतली नोकरी दुपारी दोनला सुटायची, त्यानंतर तो झोप काढायचा आणि रात्री लिहायचा. २२ सप्टेंबर १९१२च्या रात्री दहाला तो बसला आणि सकाळी सहाला एक अख्खी कथा पूर्ण करून उठला. दोघांपैकी कुणाचीही नक्कल करायची गरज नाही. तुमच्या वहीतला चौथा रकाना ज्या वेळेला भरलेला दिसेल, ती तुमची वेळ.

तीन तास

पूर्णवेळ म्हणजे दिवसभर लिहिणं, असा नवख्यांचा समज असतो. तो लवकर सोडलेला बरा. अँथनी ट्रोलोप हा १९व्या शतकातला इंग्लिश कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचा मजकूर वाचायचा, मग समोर घड्याळ ठेवून दर १५ मिनिटांना २५० शब्द लिहायचा. तीन तास झाले की उठायचा. एवढ्या वेळात माणसाने जेवढं लिहावं तेवढं लिहून होतं, असं त्याचं मत होतं. त्याच्या नावावर ४७ कादंबऱ्या आहेत. हा सगळा हिशेब त्याने आत्मचरित्रात उघड केला. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली आलं, तेव्हा वाचकांना काही ते रुचलं नाही. प्रतिभा अशी घड्याळावर चालते, हे कुणालाच ऐकायचं नसतं.

त्याचा शब्दांचा वेग सोडून द्या, तो मला आजही अमानुष वाटतो. घ्यायचं ते एवढंच : तीन तासांची मर्यादा, आणि सुरुवातीचं कालच्या मजकुराचं वाचन. नव्या मजकुराचे तीन तास रोज निघाले तर तुम्ही भरपूर काम करताय. माझे अनेकदा दोनच निघतात.

इथे एक आडवळण घेते, कारण यात बरेच मराठी लेखक फसतात. परदेशी लेखकांचे रोजचे शब्द मराठीला लावू नका. स्टीफन किंग रोज २००० शब्द लिहायचे, हे वाचून मीही २०००चा चंग बांधला होता. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘घराबाहेरच्यांसाठीसुद्धा’ हा आपल्याकडे एक शब्द. इंग्रजीत तेवढ्यालाच पाच-सहा लागतात. म्हणजे तेवढाच मजकूर मराठीत लिहिला तर शब्दसंख्या कमी भरते, आणि आकड्यावर नजर ठेवून बसलेला लेखक विनाकारण स्वतःला आळशी ठरवतो. तुमचा आकडा तुमच्या वहीतून काढा.

किमान

आता मुख्य गोष्ट. अंगात ताप असतानाही गाठता येईल असा एक आकडा ठरवा. माझा १५० शब्दांचा आहे, म्हणजे साधारण एक बऱ्यापैकी परिच्छेद. तेवढे शब्द झाले की त्या दिवशी अपराधी न वाटता उठायची मुभा. बहुतेक दिवशी तुम्ही उठत नाही, ही पुढची गंमत. १५० झाले की ३०० होतात, कधी ८००. पण किमान वाढवायचं नाही. ‘आता जमतंय तर ५०० करू’ हा मोह दुसऱ्या महिन्यात येतोच. मी एकदा त्याला बळी पडले आणि नवव्या दिवशी सगळंच सुटलं.

इतक्या कमी शब्दांनी काय होणार, असं वाटत असेल तर गुणाकार करून पाहा. दिवसाला सरासरी ३०० शब्द, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे ४८ आठवडे धरले तर ७२,००० शब्द होतात. ही एक मध्यम आकाराची कादंबरी झाली, शिवाय चार आठवडे सुट्टी.

सवय २१ दिवसांत लागते, असं जिथेतिथे सांगतात. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं. पण माणसामाणसांत फरक केवढा : १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. त्याच अभ्यासातली मला जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तेव्हा मंगळवार बुडाला म्हणून बुधवारी दुप्पट लिहायला बसू नका. बुधवारचं किमान तेवढंच.

किमान असतं तसं कमालही असावं. हे मला उशिरा कळलं. हात चालतोय म्हणून २५०० शब्द लिहून काढले की पुढचे दोन दिवस मी रिकामी असते. आता १२०० झाले की थांबते, वाक्य अर्धं असलं तरी.

काम पुनर्लेखनाचं असेल तर शब्द मोजून उपयोग नाही. खर्ड्यावर हात फिरवताना चांगला दिवस म्हणजे ४०० शब्द कमी झालेला दिवस. तिथे किमान वेळेत ठरवा : ४० मिनिटं किंवा तीन पानं. अनुवादकांनी मूळ पुस्तकाची पानं मोजावीत.

आदल्या दिवसाचं शेवटचं टोक

सकाळचा सर्वात जड क्षण पहिल्या वाक्याचा, आणि त्याची सोय आदल्या दिवशीच करता येते. पुढे काय होणार हे ठाऊक असेल अशा जागी थांबायचं, ही अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेची पद्धत. विहीर पार उपसून कोरडी करायची नाही. मी त्यात एक भर घातली आहे. थांबताना कागदाच्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या : ‘आता ती पत्र न उघडता खिशात घालते. भाऊ बघतो पण विचारत नाही.’ चिठ्ठी कीबोर्डवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी काम करायला बसलं की ती उचलल्याशिवाय कळच दाबता येत नाही.

चिठ्ठी सविस्तर हवी. ‘पत्राचं बघणे’ असं मी एकदा लिहून ठेवलं होतं. सकाळी कुठलं पत्र, हे आठवायलाच अर्धा तास गेला.

बैठक

फोन दुसऱ्या खोलीत. आवाज बंद करून टेबलावर उलटा ठेवणं म्हणजे तो टेबलावरच ठेवणं. इंटरनेट लागलंच तर बैठक संपल्यावर. लिहिताना तारीख, नाव, अंतर, कापडाचा प्रकार अडला तर तिथे दोन फुल्या मारा आणि पुढे जा. सगळ्या फुल्यांचा शोध एकदमच दुपारी घ्यायचा. हा एक नियम पाळल्याने माझी जेवढी पानं वाढली तेवढी दुसऱ्या कशानेही वाढली नाहीत.

बैठकीची लांबी तुम्हीच शोधा. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही पोमोदोरो पद्धत तुम्ही ऐकली असेल. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ वापरून ती सुरू केली, म्हणून तिला टोमॅटोचं इटालियन नाव. मुद्रितं, म्हणजे छपाईआधीच्या प्रती, तपासायला आणि ईमेल उरकायला मला ती उत्तम वाटते. कथेत मात्र कुठे सूर लागतोय तोवर घड्याळ वाजतं. कथेसाठी मी ५० मिनिटांच्या तीन बैठका मारते. मधल्या वेळात उठायचंच. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघायचं, हा सोपा नियम पाळा. खुर्चीवर खर्च करा, बाकी सामानावर नको.

आणि नवा मजकूर व जुन्याची दुरुस्ती एकाच बैठकीत करू नका. दुरुस्ती करणारा माणूस चिकित्सक असतो. तो शेजारी येऊन बसला की लिहिणारा गप्प होतो.

जागेचं काय? कुठलीही चालते, पण एकच हवी. माया अँजेलो स्वतःचं घर असतानाही लिहिण्यासाठी हॉटेलात महिनाभराच्या बोलीने खोली घ्यायच्या, सकाळी साडेसहाला तिथे जायच्या आणि भिंतीवरची चित्रं काढून ठेवायला लावायच्या. आपल्याला हॉटेल परवडत नाही. चित्रं उतरवणं फुकट आहे. मी टेबल खिडकीकडून भिंतीकडे वळवलं, तेवढ्यानेही फरक पडला.

दुपार

लेखनाचे तास संपले की लेखकाचं उरलेलं काम सुरू होतं : फुल्यांचा शोध, पत्रव्यवहार, मुद्रितं, संदर्भाचं वाचन, पुढच्या कामाचे प्रस्ताव. यातलं काहीही सकाळी करायचं नाही. सकाळी नऊला एका ईमेलला ‘पटकन’ उत्तर दिलं की अकरा वाजलेच. स्वतःच्या आनंदासाठीचं वाचनही याच वेळेत बसवा, नाहीतर पूर्णवेळ लेखक झाल्यावर वाचन आधी सुटतं. रोज चालायला जा. फायदे-बियदे डॉक्टर सांगतीलच, मला चालताना अडलेले संवाद सुटतात म्हणून सांगतेय. खिशात कागद ठेवा.

घरातली माणसं

यावर कुणी फारसं बोलत नाही, पण दिनक्रम मोडतो तो बहुतेक वेळा इथे. ‘तू घरीच असतेस ना,’ या वाक्याने सुरू होणाऱ्या कामांना अंत नसतो. नळ दुरुस्त करणारा येणार आहे, पार्सल घ्यायचंय, मावशींना स्टेशनवरून आणायचंय. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. नुसतं बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाचं काम चालू आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही, एवढंच.

मी आधी लेखनाचं महत्त्व पटवायला गेले. उपयोग शून्य, शिवाय दोनदा भांडण. नंतर नुसती वेळ सांगितली : ‘साडेसात ते साडेदहा मी नाहीये. साडेदहाला येते.’ महत्त्व लोकांना पटत नाही, वेळ समजते. आणि साडेदहाला खरंच बाहेर यायचं, हसतमुखाने, नळवाल्याची चौकशी करत. तुम्ही तुमची शेवटची वेळ पाळलीत की घरचे पहिली पाळतात. माझ्या घरी हे रुळायला सहा-सात आठवडे लागले.

लहान मूल असेल, आजारी माणसाची शुश्रूषा असेल, तर सलग तीन तासांची गोष्टच काढू नका. तिथे २० मिनिटांचे तुकडे धरा, आणि चिठ्ठीची पद्धत दिवसातून चारदा वापरा. कारण तुकड्यांत काम करताना वेळ जातो तो ‘कुठे होतो मी’ हे आठवण्यात. रात्री जागून भरपाई करायची मात्र नाही.

पैशांची दुपार

आठवड्यातून एक दुपार, वार ठरलेला. माझा गुरुवार. एका तक्त्यात पाच रकाने : काम, ठरलेलं मानधन, मजकूर दिल्याची तारीख, बिल पाठवल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख. पाचवा रकाना रिकामा दिसला की त्याच दुपारी आठवण करणारं पत्र जातं. पत्राचा मसुदा तयार ठेवलाय, कारण दर वेळी नव्याने लिहायला गेलं की संकोच वाटतो आणि ते राहून जातं.

काम घेतानाच मानधन किती, कधी मिळणार, फेरबदल किती वेळा करून द्यायचे आणि हक्क कुणाकडे राहणार, हे लेखी घ्या. एका ठिकाणी मी तोंडी शब्दावर विसंबले आणि एकाच लेखाचे सहा खर्डे करून दिले. त्यांनी फसवलं असंही म्हणता येत नाही, थांबायचं कुठे हे ठरलंच नव्हतं. नोकरी सोडण्याआधी सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक बाजूला ठेवा. लेखकाचे पैसे येतात, पण त्यांचा दिनक्रम वेगळा असतो.

अडलं तर

अडण्याचे प्रकार वेगवेगळे, तसे उपायही. माहिती कमी पडल्यामुळे अडलं असेल तर वाक्यं गुळगुळीत आणि पोकळ येतात. अशा वेळी लेखन थांबवून दुपारचं काम आधी करा. थकव्याने अडलं असेल तर एकच ओळ पाच वेळा वाचली जाते. मग किमान उरकायचं आणि झोपायचं. तिसरा प्रकार फसवा : माहिती आहे, झोप झालीय, तरी हात पुढे जात नाही. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा चूक त्या जागी नसतेच, दोन-तीन पानं मागे असते. तिथे मी पात्राला सोयीचं काहीतरी करायला लावलेलं असतं, आणि आता ते पात्र हलायला तयार नसतं. मागे जाऊन ते वळण शोधायचं. सापडलं नाही तर सगळा प्रसंग फोनवर ध्वनिमुद्रित करत स्वतःलाच तोंडी सांगायचा. बोलताना जिथे ‘म्हणजे बघ...’ येतं, दोष तिथे.

आणखी एक. रोज काम संपल्यावर मजकुराची प्रत दुसरीकडे साठवा. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. १९२२च्या डिसेंबरात पॅरिसच्या रेल्वे स्टेशनवर हेमिंग्वेच्या बायकोजवळची पेटी चोरीला गेली. तिच्यात त्याच्या जवळजवळ सगळ्या सुरुवातीच्या लेखनाची हस्तलिखितं होती. आणि त्यांच्या कार्बन प्रतीही, त्याच पेटीत.

महिना संपल्यावर

वही उघडा. किमान किती दिवस गाठलं ते मोजा. पाचपैकी चार दिवस गाठलं असेल तर काहीही बदलू नका, वाढवू तर मुळीच नका. निदान तीन महिने तरी. पाचपैकी तीन किंवा कमी असेल तर किमान निम्मं करा. १५०चे ७५. तेही जमत नसेल तर आकड्याला हात न लावता बसायची वेळ बदलून पाहा, चौथा रकाना पुन्हा दोन आठवडे भरा. आठवड्याचा एक दिवस पूर्ण सुट्टीचा ठेवा, आणि तोही वहीत लिहा : ‘रविवार. बसले नाही.’